घोड्याची झूल : निगा व दुरुस्ती

दावणीच्या जनावराची काळजी म्हटली की चारा, पाणी, निवारा आणि औषधपाणी या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. जनावराच्या पाठीवर पडणाऱ्या झुलीचा विचार सहसा कोणी करीत नाही. फाटेपर्यंत वापरावी आणि फाटली की टाकून द्यावी, एवढाच तिचा हिशेब असतो. वास्तविक पाहता घोड्याच्या कातडीला रात्रभर लागून राहणारी वस्तू तीच होय. ती ओली असेल तर घोडा ओला राहतो. ती मळकी असेल तर तिचा मळ कातडीला लागतो. तिच्या ठिगळाची गाठ टणक असेल तर ती पाठीत रुतते. यास्तव झुलीची निगा ही केवळ कापडाची निगा नसून पाठीची निगा आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

यंत्रांचा प्रसार झाला तरी आपल्या राज्यातून घोडा नाहीसा झालेला नाही. भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील कित्येक मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परततात. भांडीकुंडी, पाल, धान्य, चालू न शकणारी कोकरे असा त्यांचा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. माथेरान येथे मोटारींना मज्जाव असल्यामुळे माणसे व सामान वाहून नेण्याचे काम घोडे करीत आले आहेत. तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस आणि नांदेड जिल्ह्यात माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा कुटुंबाच्या घोड्याची पाठ ऐन वाटचालीत सोलली गेली, तर ओझे माणसांच्या डोक्यावर येते किंवा वाटेतच मुक्काम करावा लागतो. चांगली पाठ टिकविणे हा त्यांच्या पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वाड्यावर जाण्याचा प्रसंग आला. तेथील घोडीच्या खांद्याच्या उंचवट्यावर रुपयाएवढा व्रण झाला होता. खोगीर बोचते, असे मालकाचे म्हणणे होते आणि त्याने खोगीर दोन वेळा बदलूनही पाहिले होते. आम्ही खोगिराखालची घोंगडी उलटी करून तळहात फिरविला. आतल्या बाजूस सुतळीने लावलेले एक ठिगळ होते. त्या सुतळीची गाठ घामाने व मातीने भरून खड्यासारखी कठीण झाली होती, आणि घोंगडीची घडी घातली म्हणजे ती गाठ नेमकी व्रणाच्या जागी येत होती. ठिगळ उसवून बाहेरच्या बाजूने पुन्हा लावले आणि व्रण भरेपर्यंत घोडीवर ओझे घातले नाही. पुढे खोगीर तेच राहिले, पण व्रण पुन्हा झाला नाही. दुरुस्ती केलेली होती, परंतु ती चुकीच्या बाजूने केलेली होती, एवढाच काय तो दोष.

झूल केव्हा घालावी

निरोगी, प्रौढ आणि अंगावर हिवाळी केस आलेल्या घोड्यास वाऱ्याचा आडोसा व पोटभर वैरण मिळाल्यास आपल्याकडील बहुतेक भागांतील थंडी सहज सोसते. थंडीत त्याचे केस उभे राहतात व त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाऊन ऊब टिकते. जड झूल टाकली की हे केस दबतात व ही नैसर्गिक सोय नाहीशी होते. शिवाय वैरण पचताना शरीरात उष्णता उत्पन्न होते. म्हणून थंडीच्या रात्री प्रथम वैरण वाढवावी आणि नंतर झुलीचा विचार करावा.

पुढील प्रसंगी मात्र झूल अवश्य घालावी : घोडा आजारी, म्हातारा किंवा रोडावलेला असेल तेव्हा, शिंगरू अशक्त असेल तेव्हा, अंगावरचे केस कातरलेले असतील तेव्हा, थंड वाऱ्याबरोबर पाऊस असून निवारा नसेल तेव्हा, आणि कामावरून घामाघूम होऊन आलेला घोडा थंड हवेत उभा राहणार असेल तेव्हा. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात हिवाळ्यात तापमान कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. अशा ठिकाणी उघड्यावर बांधलेल्या घोड्यास रात्री झूल लाभदायक ठरते.

घामाघूम घोड्यावर एकदम झूल टाकून त्यास बांधून ठेवू नये. प्रथम १० ते १५ मिनिटे सावकाश चालवावे, वाळलेल्या गवताच्या पेंडीने अंग चोळावे आणि मग लोकरीची झूल घालावी. झुलीच्या बाहेरील अंगास दमटपणा जाणवू लागला म्हणजे ती काढून कोरडी झूल घालावी. सकाळी ऊन वर येताच झूल उतरवावी. खांद्याजवळ झुलीखाली हात घालून पाहावा. तेथे घाम आढळल्यास झूल जास्त होत आहे, असे समजावे. घोडा कुडकुडत असेल व कानांची मुळे गार लागत असतील, तर उबेची गरज आहे, असे समजावे.

कापडाची निवड

आपल्याकडे झुलीसाठी मुख्यतः लोकरीची घोंगडी, गोणपाट आणि जाड सुती कापड वापरले जाते. तिन्हींचे गुणधर्म भिन्न आहेत.

दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी सर्वांत उत्तम होय. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आर्द्रता शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे घाम कातडीवरून वर ओढला जातो. सनगर व खुटेकर विणकर घोंगडीच्या सुतास चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी ताठ असते. अशी ताठ घोंगडी खोगिराखाली लगेच वापरू नये. काही दिवस अंथरूण म्हणून वापरून ती मऊ झाल्यावरच पाठीवर घ्यावी.

गोणपाट स्वस्त असते, परंतु ते पाणी धरून ठेवते, सावकाश वाळते आणि दमट राहिल्यास कुजते. ते कातडीस खरखरीतही लागते. म्हणून आतून जुन्या मऊ सुती कापडाचे अस्तर लावल्याशिवाय गोणपाटाची झूल करू नये. खताची किंवा कीटकनाशकाची रिकामी पोती कितीही धुतली तरी या कामी वापरू नयेत. त्यांतील औषधाचा अंश घामाबरोबर कातडीत शिरण्याचा धोका असतो.

प्लॅस्टिकचा कागद घोड्याच्या अंगावर बांधण्याची पद्धत पावसाळ्यात दिसून येते. तीही टाळावी. पाऊस अडतो हे खरे, पण आतला घाम बाहेर पडत नाही व घोडा आतून भिजतो. पावसापासून रक्षण करावयाचे असेल तर छपरावर ताडपत्री घालावी.

माप व बांधणी

झुलीचे माप घेताना छातीच्या मध्यापासून खांद्यावरून आडवी सुतळी नेऊन ती शेपटीच्या बाजूस पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत धरावी. तेवढी झुलीची लांबी असावी. तोकडी झूल खांद्यावर ओढ घेते व तेथील केस घासून जातात. फार लांब झूल मागे घसरते आणि पायांत येते.

झूल घालताना ती प्रथम थोडी पुढे, मानेच्या बाजूस ठेवावी आणि मग मागे सरकवावी, म्हणजे केस आपल्या दिशेने सपाट बसतात. उलट दिशेने ओढल्यास केस दुमडून कातडी हुळहुळते. तंग आवळल्यानंतर त्याच्या व पोटाच्या मध्ये तळहात सपाट जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. तंगाचा दाब थेट कण्यावर येऊ नये म्हणून कण्याच्या दोन्ही बाजूंस कापडाच्या दोन गाद्या शिवाव्यात व मधली जागा मोकळी ठेवावी. सुतळीची लोंबती टोके ठेवू नयेत. रात्री घोडा लोळला की त्याचा पाय त्यांत अडकतो.

घोंगडी खोगिराखाली घडी करून घालावयाची असेल, तर घडीला सुरकुती राहू देऊ नये. खोगीर ठेवल्यावर घोंगडीचा पुढील भाग बोटांनी किंचित वर उचलून खोगिराच्या पोकळीत घ्यावा, म्हणजे खांद्याच्या उंचवट्यावर ती ताणून बसत नाही.

रोजची व आठवड्याची निगा

रोज सकाळी झूल उतरविल्यावर ती गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. आतली बाजू वर करून वलणीवर किंवा बांबूवर पसरावी. घामात क्षार असतात व क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात. म्हणून घामट झूल वरून वाळलेली दिसली तरी पुन्हा दमट होते. वाळल्यावर ती काठीने हलकेच झोडपावी आणि गवताच्या ताठ कुंच्याने केस, कोंडा व माती झाडावी. काडीकचरा व कुसळे हाताने वेचून काढावीत. घोड्यास खरारा केल्यावाचून झूल घालू नये. मळक्या अंगावर स्वच्छ झूल घातली तरी एका रात्रीत ती मळते.

आठवड्यातून एकदा झूल जमिनीवर उलटी पसरून डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी गाठ, काटा किंवा कडक झालेला डाग हाताला लागतो. जेथे हात अडखळतो, तेथे घोड्याची कातडीही अडखळते. शिवण सुटलेली आढळली तर ती त्याच दिवशी घ्यावी. एका बोटाची उसवण आज पाच टाक्यांत भागते. महिन्याने तिला ठिगळ लागते.

धुण्याची रीत

लोकरीची झूल वारंवार धुण्याचे कारण नाही. हंगामात एकदा, म्हणजे थंडी सरल्यावर धुतली तरी पुरे. घामाने किंवा मूत्राने फार खराब झाल्यास मात्र मध्येच धुवावी. धुण्यापूर्वी फाटलेल्या जागा कच्च्या दोऱ्याने टाचून घ्याव्यात, नाहीतर भिजलेल्या घोंगडीच्या वजनाने फाट वाढत जाते.

लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी व घासणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटून जाड होते. म्हणून पाणी थंडच असावे. धुण्याचा सोडा, चुना किंवा कपडे पांढरे करण्याची पावडर वापरू नये. त्यांनी लोकर जळते. दोन मुठी रिठ्याची टरफले रात्री पाण्यात भिजत घालावीत, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यावे व त्या फेसाळ पाण्यात झूल अर्धा तास बुडवून ठेवावी. पायांनी जोराने तुडवू नये. हातांनी दाबून मळ काढावा. नंतर स्वच्छ पाण्यातून दोनतीन वेळा काढावी. भिजलेली लोकर कमजोर असते, म्हणून पिळू नये. गुंडाळून दाबावी व पाणी निथळू द्यावे. एकाच दोरीवर टांगल्यास मध्ये ओढ बसून आकार बिघडतो, म्हणून समांतर बांधलेल्या दोनतीन बांबूंवर पसरून वाऱ्यात वाळवावी.

रिठ्याचे पाणी माशांस विषारी असते. म्हणून झूल ओढ्यात किंवा जनावरांच्या पाणवठ्यावर धुऊ नये. वेगळ्या पिंपात धुऊन ते पाणी झाडांपासून व पाणवठ्यापासून दूर मोकळ्या जमिनीवर ओतावे.

दुरुस्ती

दुरुस्तीसाठी दाभण, मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, खडू, मेण, मजबूत सुती दोरा व जुन्या घोंगडीचे उसवलेले लोकरी सूत एवढे साहित्य पुरते. सुती दोरा मेणातून ओढून घ्यावा, म्हणजे तो कुजत नाही व गुंतत नाही. झूल आधी धुऊन, पूर्ण वाळवून मगच शिवावी. मळक्या कापडात शिवलेला मळ पुढे निघत नाही.

१. लहान छिद्र : बोटाच्या पेराएवढे छिद्र लोकरी सुताने रफू करावे. छिद्राच्या कडेबाहेर बोटभर अंतरावरून सुरुवात करून प्रथम सर्व उभे धागे घालावेत. नंतर आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून व दुसऱ्याच्या खालून असा न्यावा. धागा ताणू नये. ताणल्यास कापड गोळा होते.

२. सरळ फाट : फाटेच्या दोन्ही कडा एकमेकींस भिडवून आडव्यातिडव्या टाक्यांनी जोडाव्यात. एक कड दुसरीवर चढवू नये. चढलेल्या कडेची वरवंड होते व ती पाठीस घासते.

३. मोठे भोक : येथे ठिगळच लावावे. ठिगळ जुन्या, धुतलेल्या घोंगडीचे असावे. नवे कापड पहिल्याच धुण्यात आटते व भोवतालचे कापड ओढते. भोकापेक्षा ते सर्व बाजूंनी तीन बोटे मोठे कापावे आणि त्याचे कोपरे गोल करावेत, म्हणजे कोपरे उचलले जात नाहीत. ठिगळ झुलीच्या बाहेरील बाजूस ठेवून आधी टाचावे व मग काठाने जवळजवळ टाके घालावेत. भोकाच्या विरलेल्या कडा आतील बाजूने ठिगळावर सपाट टाचून घ्याव्यात. प्रत्येक गाठ बाहेरच्याच बाजूस यावी.

४. काठ : दशा सुटू लागल्यास काजटाका घालावा किंवा सुती पट्टी दुमडून शिवावी.

५. पट्ट्याची जागा : झूल बहुधा पट्टा शिवलेल्या जागी फाटते. तेथे बाहेरून वीतभर कापडाचा जोड द्यावा. पट्टा चौकोनी शिवणीने बसवून चौकोनात फुली मारावी, म्हणजे ओढ एका ओळीवर न पडता सर्वत्र वाटली जाते. कातडी पट्टा पुसून कोरडा झाल्यावर त्यास थोडे एरंडेल चोळावे.

तार, टाचणी किंवा खिळा यांनी झूल जोडू नये. शिवावयास बसताना सुया व टाचण्या मोजून घ्याव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. घोडा धनुर्वातास फार लवकर बळी पडतो, आणि या रोगाचे जंतू माती व लीद यांत असतात. झुलीत राहिलेल्या सुईची एक टोचणी त्याचा जीव घेण्यास पुरते. घोड्यास धनुर्वाताची लस टोचून घेण्याविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारपूस करावी.

झूल आणि सांसर्गिक रोग

एका घोड्याची झूल दुसऱ्यास घालू नये, हा नियम सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त आहे. गजकर्णाच्या बुरशीची बीजे कापडात कित्येक महिने जिवंत राहतात. खरजेचे किडेही झुलीवाटे एका जनावरावरून दुसऱ्यावर जातात. गजकर्ण माणसासही होते. म्हणून घोड्याची झूल घरात अंथरुणास घेऊ नये. यात्रेतील विकत घेतलेल्या घोड्याबरोबर आलेली झूल तपासून व धुऊन मगच घरातील घोड्यांजवळ आणावी.

कातडीचा रोग झालेल्या घोड्याची झूल, खरारा व खोगीर वेगळे ठेवावे. गोणपाटाची झूल जाळून टाकणे उत्तम. लोकरीची झूल उकळता येत नाही, म्हणून ती कोणत्या औषधाने धुवावी हे पशुवैद्यकास विचारावे. तोपर्यंत ती वापरू नये.

ग्लँडर्स हा रोग याहून भयंकर होय. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी व त्या फुटून होणारे व्रण ही त्याची लक्षणे असून तो माणसासही होतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात आढळला होता. संशय येताच घोडा वेगळा बांधून पशुवैद्यकास कळवावे. २००९ च्या कायद्यान्वये अशा रोगाची खबर देणे बंधनकारक आहे. अशा घोड्याची झूल कोणालाही देऊ नये, विकू नये व हाताळू नये. अधिकाऱ्यांच्या सूचनेनुसार तिची विल्हेवाट लावावी.

साठवण

लोकरीस कसर लागते. कापड खातात ते उडणारे पतंग नव्हेत, तर त्यांच्या अळ्या. घाम व मूत्र लागलेली लोकर त्यांना विशेष आवडते. म्हणून न धुता ठेवलेली झूल सर्वांत आधी खाल्ली जाते. साठविण्यापूर्वी वैशाखातील कडक उन्हात झूल दोन्ही बाजूंनी तापवावी व झाडावी. घड्यांत व शिवणींत दडलेली अंडी व अळ्या नीट पाहाव्यात. पूर्ण थंड झाल्यावर स्वच्छ कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच व उंदीर पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावी. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालण्याची जुनी चाल चांगली आहे, पण केवळ पाल्यावर विसंबू नये. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या जनावरांच्या व मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि वापरापूर्वी झुलीस दोन दिवस वारा द्यावा. पावसाळ्यात उघाड मिळेल तेव्हा गुंडाळी उलगडून पाहावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

या विषयावर व्याख्यान देण्यापेक्षा प्रात्यक्षिक करून दाखविणे अधिक फलदायी होते. एखाद्या वाड्यावर किंवा बाजाराच्या दिवशी एकच जुनी झूल घ्यावी, ती उलटी पसरावी आणि उपस्थितांपैकी प्रत्येकास तिच्यावरून हात फिरवावयास सांगावे. नंतर त्याच घोड्याच्या पाठीवर हात फिरवावयास सांगावे. झुलीवरील गाठ आणि पाठीवरील केस गेलेली जागा एकाच ठिकाणी आली, तर अधिक सांगण्याची गरज उरत नाही. मग बाहेरील बाजूने एक ठिगळ लावून दाखवावे. पुष्कळ घरांतील स्त्रिया गोधडी शिवण्यात निष्णात असतात. त्यांना या कामात अवश्य बोलवावे. टाका त्यांना शिकवावा लागत नाही. गाठ कोणत्या बाजूस असावी, एवढेच सांगावे लागते.

हेच नियम बैलाच्या झुलीसही लागू आहेत. फरक इतकाच की, वशिंडाच्या जागी झूल ताणली जाणार नाही अशी ती सैल बेतावी.

शेतकरी व मेंढपाळ बंधूंनो, झुलीला रोज पाच मिनिटे आणि वर्षातून एक दिवस द्यावा लागतो. सोललेली पाठ भरून येण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस घोडा खातो पण काम करीत नाही. आज संध्याकाळी झूल घालण्यापूर्वी ती एकदा उलटी करून तिच्यावरून हात फिरवून पाहावा.